जावळी बाळं : वाटा दोघांचा सारखा

मंडळी, जुळ्या मुलांना आपण खेड्यापाड्यांत जावळी म्हणतो. घरात जावळी जन्मली की गावभर बातमी होते. बाया बघायला येतात. कोणी लव-कुश अशी नावं सुचवतं. आनंद मोठा असतो, आणि तो असावाच. पण जावळ्यांच्या आईला त्रास जास्त असतो आणि बाळांना धोकाही जास्त असतो. तो धोका कसा ओळखावा, कसा टाळावा, हे आज सांगतो. मी शाळामास्तर. डॉक्टर नव्हे. पण आमच्या घरात जावळी दोनदा झाली. एकदा आम्ही चुकलो, एकदा सावध राहिलो.

पहिली गोष्ट १९६८ सालची. मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव माण तालुक्यातलं, दुष्काळी. गावात दवाखाना नव्हता. आईला कळा सुरू झाल्या तशी सुईण बोलावली. आधी मुलगा झाला, मागून मुलगी. मुलगा बरा होता. मुलगी अगदी वीतभर.

मुलाला भूक लागली की तो घर डोक्यावर घ्यायचा. आई त्याला लगेच पाजायची. मुलगी मात्र निजलेली असायची. ती रडायची नाही, मागायची नाही. आल्यागेल्या बाया म्हणायच्या, "पोर किती गुणाची आहे! आईला बिलकुल त्रास नाही." आम्हांलाही तसंच वाटायचं. नवव्या दिवशी सकाळी आईनं हात लावला, तर पोर गार. तिचं बारसंही व्हायचं होतं.

पुढं पुष्कळ वर्षांनी मला उमगलं. ती गुणाची म्हणून गप्प नव्हती. रडायला तिच्या अंगात बळच नव्हतं. ती उपाशी होती आणि गारठली होती. घरात कोणी वाईट नव्हतं. कोणाला ठाऊकच नव्हतं.

जावळी कशी होतात?

जोडकेळं खाल्लं की जावळी होतात, असं म्हणतात. ते खरं नाही. कधी आईच्या पोटात एकाच वेळी दोन बीजं तयार होतात. त्यांची दोन बाळं होतात. ही भावंडं दिसायला वेगळी असू शकतात. एक मुलगा, एक मुलगी असंही होतं. कधी एकाच बीजाचे दोन भाग होतात. मग दोघं एकसारखी दिसतात. ती दोघं मुलगे असतात, नाही तर दोघी मुली. साधारण शंभर बाळंतपणांत एखादं जावळ्यांचं असतं. यात आईचा दोष नाही की कोणाची करणी नाही.

पोटात दोन आहेत हे सोनोग्राफीत कळतं. तिसऱ्या महिन्यातच तपासलं, तर वार एक आहे की दोन, हेही नीट दिसतं. दोघांत वार एकच असली तर एकाला जास्त रक्त आणि दुसऱ्याला कमी, असं होऊ शकतं. म्हणून अशा बाईची तपासणी डॉक्टर पुन्हा पुन्हा करतात. मात्र मुलगा की मुलगी हे विचारू नये. तसं विचारणं आणि सांगणं, दोन्ही १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

आईची काळजी

पोटात दोन जीव, म्हणजे रक्त जास्त लागतं. रक्त कमी असलं तर आई थकते आणि बाळं बारीक राहतात. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या रोज घ्याव्यात. त्या चहाबरोबर घेऊ नयेत. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. जेवणात भाकरीबरोबर डाळ, मोडाची उसळ, पालेभाजी, शेंगदाणे, गूळ असावं. चालत असेल त्यांनी अंडी, मासळी खावी. पोट लवकर भरतं म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा खावं. सगळ्यांची जेवणं उरकल्यावर उरलंसुरलं खायची रीत या दिवसांत तरी सोडावी. डोक्यावर हंडे वाहणं, ऊसतोड, खडी उचलणं बंद करावं. दुपारी अंग टाकावं.

सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची तपासणी फुकट होते. ती चुकवू नये. जावळ्यांच्या आईचा रक्तदाब वाढण्याची भीती जास्त असते. तोंडावर, हातांवर सूज, सारखं डोकं दुखणं, डोळ्यांपुढं अंधारी, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, दिवस भरण्याआधी कळा येणं, बाळांची हालचाल कमी होणं, यांतलं काही दिसलं तर उद्यावर ढकलू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

जावळ्यांचं बाळंतपण घरी करू नये. पहिलं बाळ सरळ आलं तरी दुसरं आडवं होऊ शकतं. शिवाय पिशवी फार ताणलेली असते, त्यामुळं बाळंतपणानंतर रक्तस्राव जास्त होऊ शकतो. म्हणून जिथं ऑपरेशनची सोय, रक्त आणि बाळांचे डॉक्टर आहेत, अशाच दवाखान्यात जावं. निम्म्याहून जास्त जावळी दिवस भरायच्या आत जन्मतात. म्हणून सातव्या महिन्यातच कपडे, कागदपत्रं आणि सोबतीचं माणूस ठरवून ठेवावं. गाडीसाठी १०८ नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं आणि लागलं तर रक्त, हे सारं मोफत आहे.

दुसरी गोष्ट

आता २०१९ सालची गोष्ट ऐका. त्या १९६८ च्या जावळ्यांतला वाचलेला मुलगा, म्हणजे माझा धाकटा भाऊ. त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, आणि तिच्या पोटात जावळी निघाली. महिनाभर आधीच दवाखान्यात बाळंत झाली. पुन्हा एक मुलगा, एक मुलगी. मुलगा २ किलो २०० ग्रॅम. मुलगी १ किलो ६०० ग्रॅम. माझ्या पोटात गोळा आला.

मुलगी काही दिवस लहान बाळांच्या खास कक्षात राहिली. मग नर्सबाईंनी पुतणीला सांगितलं, "आता तुमची छाती हीच पेटी." बाळाला फक्त टोपी, मोजे आणि लंगोट घालायचा. आईच्या उघड्या छातीवर उभं धरायचं आणि वरून कापडानं बांधायचं. आईच्या अंगाची ऊब बाळाला लागते. हिला कांगारू पद्धत म्हणतात, कारण कांगारू नावाचा प्राणी पिल्लाला असंच पोटाशी पिशवीत ठेवतो. १९७८ साली कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरी डॉक्टर एडगर रे यांनी ती सुरू केली. तिथं पेट्या कमी पडत होत्या. आज मोठमोठे दवाखानेही हीच पद्धत सांगतात. दिवसाचे जितके जास्त तास होईल तितकं बरं.

आईला दोघं एकदम पेलवेनात, तेव्हा नर्सबाई जावयाला म्हणाल्या, "तुम्ही घ्या एकाला." जावई आधी लाजला. मग सदरा काढून बसला. बापाच्या छातीलाही ऊब असतेच की!

घरी बाळंतिणीच्या खोलीत धुरी आणि शेगडीचा धूर करू नये. धुरानं बाळाची छाती भरते. कमी वजनाच्या बाळाला डॉक्टर सांगेपर्यंत अंघोळ घालू नये, ओल्या फडक्यानं पुसावं. नाळेला हळद, राख, तेल काही लावू नये. बाळाला घेण्याआधी साबणानं हात धुवावेत.

दूध दोघांना पुरतं का?

पुतणीला हाच घोर होता. मी नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गुरुजी, बाळं जितकी ओढतील तितकं दूध येतं. दोघं ओढतील तर दोघांपुरतं येईल." आणि तसंच झालं.

पहिलं पिवळं दाट दूध, म्हणजे चीक, फेकू नये. बाळाच्या रोगांवरचं ते पहिलं औषध. मध, गुटी, पाणी, वरचं दूध काही देऊ नये. सहा महिने फक्त आईचं दूध. डॉक्टरांनी थेंबाचं औषध सांगितलं तर तेवढंच द्यावं. ज्या बाळाला ओढण्याची ताकद नाही, त्याच्यासाठी दूध हातानं पिळून वाटीत काढावं आणि चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजावं. वाटी, बोंडलं दर वेळी उकळून घ्यावं. बाटली नको. तिच्या बुचात घाण राहते.

प्रत्येक बाळाला दिवसरात्र मिळून निदान आठ वेळा दूध हवं. निजलेलं असलं तरी दोन-तीन तासांनी उठवून पाजावं. तळपाय चोळला की बाळ जागं होतं. पण दोन बाळं, रात्रीची झोपमोड, आई दमलेली. कोण प्यालं, कोण राहिलं, ध्यानात राहत नाही.

यावर माझ्या भावजयीनं युक्ती काढली. ती गावच्या रात्रीच्या वर्गात नुकती लिहायला शिकली होती. तिनं पाटीवर दोन रकाने पाडले. एकावर 'थो' लिहिलं, दुसऱ्यावर 'धा'. थोरला प्याला की त्याच्याखाली एक रेघ. धाकटी प्याली की तिच्याखाली एक रेघ. सकाळी पाटी पुसून नवा हिशेब.

घरी आल्याच्या तिसऱ्या रात्री भावजयीनं मला हाक मारली. "भाऊजी, जरा पाटी बघा." थोरल्याच्या रेघा सात होत्या. धाकटीच्या चार. धाकटी गाढ निजली आहे, असंच सगळ्यांना वाटत होतं. पायाला हात लावला, तर पाय गार. छातीला लावली, तर ओढेना. मला १९६८ ची ती सकाळ आठवली. लगेच १०८ ला फोन केला. पुतणीनं तिला छातीशी बांधून घेतलं आणि तशीच गाडीत बसली. डॉक्टर म्हणाले, अंगात जंतू शिरलेत, वेळेवर आणलंत. सहा दिवसांनी पोर हसतखेळत नाही, पण चांगली रडत घरी आली. त्या रडण्यानं सगळ्यांना हायसं वाटलं.

तेव्हा एवढं ध्यानात ठेवा. बाळ दूध ओढत नाही, मलूल पडलं आहे, अंग गार किंवा तापलेलं आहे, श्वास फार जलद चालतो, छाती आत ओढली जाते, झटका येतो, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, नाळेतून पू येतो, तर अंगारेधुपारे करत बसू नका. दवाखान्यात न्या.

पुढचे महिने

पहिल्या दीड महिन्यात आशाताई घरी येतात. दोघांचं वजन वेगवेगळं करून घ्या आणि वेगवेगळ्या कार्डांवर लिहून घ्या. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं. दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. लसी जन्मतारखेपासून मोजून दोघांनाही द्यायच्या : जन्मल्यावर, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी. एक बारीक आहे म्हणून तिची लस मागं ठेवू नका. सहा महिने झाले की दूध चालू ठेवून मऊ भात, वरण, कुस्करलेलं केळं सुरू करा. दोघांच्या वाट्या वेगळ्या ठेवा, म्हणजे कोणी किती खाल्लं ते दिसतं.

आईलाही विसरू नका. तिला दोघांना पाजायचं आहे. तिला पोटभर जेवण द्या, आणि दिवसा एखादं बाळ दुसऱ्यानं सांभाळून तिला झोपू द्या.

आमची ती दोघं आता शाळेत जातात. धाकटी वर्गात सगळ्यांत जास्त बोलते, अशी तिच्या बाईंची तक्रार आहे. मी ती तक्रार आनंदानं ऐकून घेतो.

मंडळी, जावळी म्हणजे एका बाळाचे दोन तुकडे नव्हेत. ते दोन पुरे जीव आहेत. जो रडतो तो आपला वाटा मागून घेतो. जो गप्प असतो त्याचा वाटा आपणच लक्षात ठेवून द्यायचा असतो. म्हणून घरात जावळी असतील तर पाटीवर दोन रकाने पाडा, आणि गप्प बाळाला आधी उठवा.