लाँचर नावाचा नाकेदार

खानदेशातून तापी खोऱ्याच्या रेल्वेने सुरतेस येऊन उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी ज्यांचा उदरनिर्वाह साड्यांवरील भरतकामाच्या यंत्रांवर चालतो, त्यांच्या कारखान्यात एखादा जुनाट संगणक आढळला तर नवल वाटू नये. नक्षीची फाइल तयार करावी, पेन ड्राइव्हवर घ्यावी आणि यंत्रास पुरवावी, एवढेच त्याचे काम. त्यास इंटरनेट जोडण्याची गरज पडत नाही, आणि मालकही ते जोडण्यास सहसा राजी नसतो, कारण नक्षी हीच त्याची पुंजी. कालांतराने कारखान्यात नवा संगणक येतो, जुना घरी मुलांच्या हाती पडतो, आणि मग रीतसर विकत घेतलेला एखादा खेळ दुसरीकडून पेन ड्राइव्हवर घालून आणला जातो. चिन्हावर दोनदा टिचकी मारावी, क्षणभर वर्तुळ फिरावे, आणि पुढे काहीच घडू नये, असा प्रकार झाला की यंत्र म्हातारे झाले, त्याच्यात दम उरला नाही, असा निवाडा वडीलधारी मंडळी तत्काळ देऊन मोकळी होतात.

या निवाड्याविरुद्ध अपील करण्यास पुष्कळ जागा आहे. खेळ निराळा आणि त्याचा लाँचर निराळा, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. २००३ साली संगणकावर आलेला ‘व्हाइस सिटी’ हा खेळ ज्यांनी खेळला असेल त्यांना आठवेल की तबकडी आत सरकवली आणि खेळाची फाइल उघडली की काम भागत असे. २००४ च्या नोव्हेंबरात आलेल्या ‘हाफ-लाइफ २’ने मात्र तबकडी रोख पैसे मोजून विकत घेतलेल्या गिऱ्हाइकासही ‘स्टीम’ या लाँचरमार्फत इंटरनेटवरून एकदा मंजुरी आणण्यास भाग पाडले. तेव्हापासून खेळाच्या दारात लाँचर हा नाकेदार येऊन बसला. आलेल्याची ओळख पटवणे, मालाची मोजदाद घेणे, परवान्याची मुदत पाहणे ही त्याची कामे, आणि यांपैकी एकही काम संगणकाच्या ताकदीशी फारसे निगडित नाही.

सुरतेच्या माणसाला नाकेदाराचे काम समजावून सांगावे लागू नये. १६१३ साली जहांगीराच्या फर्मानाने इंग्रजांची वखार या शहरात कायम झाली, तेव्हा बंदरावरील अंमलदाराने बादशहाला पाहिलेले असण्याचे कारण नव्हते. त्याला मोहर ओळखता आली म्हणजे पुरे होते. संगणकातील सही हीच रीत गणिताने पाळते. प्रथम फाइलमधील सर्व अंकांवर विशिष्ट क्रिया करून २५६ बिटांचा एक ठसा काढतात. फाइलीतील एक बिट जरी बदलला तरी ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. हा ठसा निर्माता आपल्या गुप्त किल्लीने मोहरबंद करतो आणि त्याची जाहीर किल्ली ज्याच्यापाशी आहे तो कोणीही मोहर पडताळू शकतो. ती जाहीर किल्ली खरोखर त्याच निर्मात्याची, असा दाखला वरचा अधिकारी देतो, त्याला त्याच्यावरचा देतो, आणि ही परंपरा शेवटी अशा मूळ दाखल्यापाशी थांबते की ज्यावर संगणकाने मुळातच विश्वास ठेवलेला असतो.

आता या दाखल्यांवर ‘अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत’ अशी मुदत लिहिलेली असते, आणि आजचा दिवस कोणता हे नाकेदाराने संगणकाच्या घड्याळाला विचारावयाचे असते. माझ्या मते दुरुस्तीचा आरंभ येथूनच करावा. मदरबोर्डवरील घड्याळात सेकंदाला ३२,७६८ वेळा स्पंद पावणारा क्वार्ट्‌झचा स्फटिक असतो. ही संख्या म्हणजे दोनचा पंधरावा घात, म्हणून ती पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक सेकंद हाती येतो. वीज बंद असताना या घड्याळाला जगवतो तो सीआर २०३२ नावाचा ३ व्होल्टचा बटणसेल, ज्याचा व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर असल्याचे त्याच्या नावातच नमूद आहे. काही वर्षांनी तो संपतो, आणि मग रात्री मुख्य बटण बंद केले की सकाळी संगणक आपल्या जन्मकाळाच्या आसपासच्या तारखेला जागा होतो. पडद्यावर तक्रार उमटते, पण एफ-वनची कळ दाबून पुढे जाण्याची सर्वांना इतकी सवय जडलेली असते की ती तक्रार कोणी वाचीतच नाही. इंटरनेटवरच्या संगणकाला दूरचा काळमापक सर्व्हर वेळ सुधारून देतो. या एकांतवासी यंत्राला ते भाग्य नाही. २००९ सालात वावरणाऱ्या या यंत्रास २०२२ साली दिलेला दाखला अद्याप जन्मलेलाच नसतो, आणि नाकेदार तो नियमाप्रमाणे नामंजूर करतो. वीजजोडणी काढून, बारीक चिमटा नखाने बाजूस सारून, अक्षरे वर राहतील अशा बेताने नवा सेल बसवावा आणि बायोसमध्ये तारीख भरावी. उपाय इतका स्वस्त आहे की त्यावर कोणाचा चटकन विश्वास बसत नाही.

घड्याळ बरोबर असूनही अडले, तर मूळ दाखल्यांचा संशय घ्यावा. विंडोज आपल्यापाशी मोजकेच मूळ दाखले बाळगते आणि उरलेले गरजेनुसार इंटरनेटवरून मागवते; ती वाट बंद असली की अस्सल मोहरही अनोळखी ठरते. शिवाय ठसा काढण्याची रीतही कालबाह्य होते. शा-१ या जुन्या रीतीने दोन भिन्न फाइलींचा एकच ठसा काढून दाखवण्याचा पराक्रम ॲम्स्टरडॅमच्या गणितसंस्थेतील आणि गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली केला आणि तिची उरलीसुरली पतही गेली. नव्या शा-२ रीतीच्या सह्या पूर्णपणे पडताळण्यासाठी विंडोज सेव्हनला जी पुरवणी लागते, ती कधीही इंटरनेट न पाहिलेल्या संगणकात असणार कोठून? ती पेन ड्राइव्हवरून आणून बसवता येते.

पेन ड्राइव्हचीही एक खोड आहे. तो फॅट-३२ पद्धतीने आखलेला असेल, तर फाइलीची लांबी लिहिण्यास त्यात ३२ बिटांचीच जागा असते, म्हणून ४,२९४,९६७,२९५ बाइटांपलीकडची फाइल त्यावर मावत नाही, मग ड्राइव्ह ६४ जीबीचा का असेना. नकल धड झाली की नाही हे पाहण्यासाठी दोन्ही संगणकांवर ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने ठसा काढून ताडून पाहावा. ‘माइनक्राफ्ट’च्या संगणकावरील जावा आवृत्तीत तर ही व्यवस्था उघड्या डोळ्यांनी पाहता येते: त्याच्या ध्वनी-चित्रांच्या फाइलींना नावे नसतात, प्रत्येक फाइलीचा ठसा हेच तिचे नाव, आणि ठशाची पहिली दोन अक्षरे हे तिच्या फोल्डरचे नाव. लाँचर यादी काढून एकेकीची हजेरी घेतो. एखादी गैरहजर असली की ती इंटरनेटवरून आणू पाहतो आणि ऑफलाइन संगणकावर तेथेच अडखळतो. अशा वेळी चालत्या संगणकावरील संपूर्ण फोल्डर उचलून आणणे हा शहाणपणाचा मार्ग. ‘एमएसव्हीसीपी१४०’ नावाची फाइल सापडत नाही, असा संदेश आल्यास मात्र ती एकटी फाइल कोणा अनोळखी ठिकाणाहून आणून डकवू नये. ती ज्या संचाचा भाग आहे, तो मायक्रोसॉफ्टचा संपूर्ण संच बसवावा.

काही दुखण्यांना औषध नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. स्टीमची खिडकी म्हणजे आतून क्रोम जातीचा ब्राउझरच होय. क्रोमने २०२३ साली विंडोज सेव्हनची साथ सोडली आणि १ जानेवारी २०२४ पासून स्टीमनेही त्याला आधार देणे थांबवले. अशा यंत्रावर लाँचरची मनधरणी करण्यापेक्षा ज्या खेळास लाँचरच लागत नाही असा जुना खेळ निवडणे मला अधिक किफायतशीर वाटते. २००८ साली पोलंडात सुरू झालेले ‘जीओजी’ हे दुकान असे खेळ विकते आणि ते बसवण्याची फाइल कायमची आपल्यापाशी ठेवू देते.

राहता राहिला ‘एकदाच लॉगिन करा, मग ऑफलाइन चालेल’ हा लाँचरचा आग्रह. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी आणि विंडोज सेव्हनचा १४ जानेवारी २०२० रोजी संपला असल्याने, तो ‘एकदाच’ही निर्धोक नाही. जोडणी करावयाचीच असेल, तर कारखान्याच्या जुन्या नक्षी ज्या फोल्डरात विसरून राहिल्या आहेत तो आधी दुसरीकडे हलवावा, संगणकातून पुसून टाकावा, आणि मगच तार लावावी.