मोटारीचे काळे काठ

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या सोसायटीच्या आवारात मोटारींचे प्रदर्शनच भरते म्हणा ना! धुऊनपुसून, झेंडूची माळ घालून ओळीने उभ्या केलेल्या त्या गाड्यांतली नवी कोणती नि जुनी कोणती, हे दुरून सांगणे कठीण. पण जवळ जाऊन निरखून पाहा. रंग दोघींचाही लखलखीत. मात्र एकीचे काठ काळेभोर, तर दुसरीचे राख फासल्यासारखे. काठ म्हणजे बंपरचा खालचा भाग, चाकांवरच्या कमानी, वायपरखालची जाळी. जिथे रंग दिलेला नसतो ते उघडे काळे प्लॅस्टिक. लुगडे कितीही भारी असो, काठ विटले की ते जुने दिसू लागते. मोटारीचेही तसेच आहे.

आमच्या गाडीचे काठ चौथ्या उन्हाळ्यात विटले. मला वाटले, धुळीचे पूट असेल. साबण लावून घासले. ओले असेपर्यंत काळे, वाळले की पुन्हा पांढुरके! शेवटी माझी नजर घरातल्या बुटांच्या काळ्या पॉलिशकडे गेली. दोन तास खपून मी ते काठांना चोळले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही मेहुणीच्या मुलीच्या लग्नाला निघालो. सौ.ने तिच्या आईची मोतिया रंगाची पैठणी नेसली होती. कार्यालयापाशी उतरताना पदर मागच्या कमानीला घासला.

“अहो, हे काळं कसलं?” एवढेच ती म्हणाली. पुढचे वर्णन करीत नाही. काठांवरचे पॉलिश पहिल्याच पावसात वाहून गेले. पैठणीवरचा डाग अजून आहे.

त्यानंतर मात्र हे विटणे म्हणजे काय, याचा मी नीट शोध घेतला. गाड्यांचे हे काठ बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. १९५४ साली इटलीच्या ज्युलिओ नात्ता यांनी हे प्लॅस्टिक प्रयोगशाळेत घडवले, आणि १९६३ साली जर्मनीच्या कार्ल झीग्लर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थ हलका, स्वस्त, धक्के सोसणारा. खोड एकच, ऊन सोसत नाही. उन्हातील अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या लांबलचक साखळ्या तोडतात, तुटल्या टोकांशी हवेतला प्राणवायू संयोग पावतो, आणि वरचा पापुद्रा ठिसूळ होऊन त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरा पडतात. या चिरांवरून प्रकाश सैरावैरा फाकतो. तोच आपल्याला पांढुरका दिसतो. पाणी चिरांत भरले की काठ तेवढ्यापुरते काळे होतात. माझ्या साबणाचे रहस्य ते हेच!

गंमत अशी की, या प्लॅस्टिकला काळा रंग येतो तो काजळीने, आणि अतिनील किरण शोषून घेण्यात काजळी मोठी तरबेज. दृष्ट लागू नये म्हणून आपण बाळाला तीट लावतो ना, तसाच हा प्रकार. पण ही तीट पडली अंगात मुरलेली. अगदी वरच्या कातडीचे रक्षण तिलाही पुरते साधत नाही. शिवाय काळे अंग तापते लवकर, आणि तापले की झीज वाढते.

तेव्हा पहिला उपाय सावलीचा. खोळ घालणार असाल तर गाडी आधी धुवा. नाहीतर खोळीखालची धूळच रंग खरवडते. दुसरा उपाय, काठ नवे असतानाच अतिनील किरणांना अडवणारे, पाण्यात कालवलेले ड्रेसिंग दर काही आठवड्यांनी पातळ लावून जास्तीचे पुसून घेणे. गाडी धुणारी मुले डिझेलचा बोळा फिरवतात. चकाकी झकास येते. पण ती पाण्यासारखीच चिरा भरते, ऊन अडवीत नाही, वर धूळ धरते आणि दारांचे रबर फुगवते. रंगावर लावायचे मेण काठांवर मुळीच जाऊ देऊ नका. खरखरीत प्लॅस्टिकात ते पांढरे होऊन बसते आणि काढता काढता नाकी नऊ येतात. गरम हवेच्या यंत्राने शेकून काठ पुन्हा काळे करणारेही आहेत. काळेपणा येतो खरा, परंतु थोड्या दिवसांचा. आणि हात जरा रेंगाळला की प्लॅस्टिक वितळलेच. एकदा विटलेल्या काठांना स्वच्छ धुऊन, कोरडे करून, प्लॅस्टिकसाठीच केलेला टिकाऊ लेप देणे बरे.

आम्ही तो दिला. गाडीही आता बदामाच्या झाडाखाली लावतो. कावळ्यांचा प्रसाद रोज पुसावा लागतो, तो पुसतो. काठ काळे आहेत, हाताला काही लागत नाही, हे मी सौ.ला बोट फिरवून दाखवलेही. तरी गाडीतून उतरताना ती आधी पदर खोचते, मगच पाय खाली टाकते.