अमेरिकेतील उपनगरे आणि वर्णद्वेष

शहरातील दाटी व धूर यांना कंटाळलेला मनुष्य मोकळ्या हवेसाठी बाहेर जाऊन राहतो व त्यातून उपनगरे वाढतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अमेरिकेपुरते पाहिले तर ती अर्धीच खरी ठरते. मोटारी स्वस्त झाल्या, रस्ते झाले, दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या लाखो सैनिकांना घरे हवी होती, हे सर्व खरेच. परंतु त्या नव्या घरांत कोणी राहावे, हे कातडीच्या रंगावरून ठरले.

काळ्या लोकांस ठराविक आळ्यांत राहण्यास मनाई करणारा लुईव्हिल शहराचा नियम तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९१७ साली रद्द केला. तेव्हा नगरपालिकेस जे करता येईना, ते खरेदीखताने साधण्याचा प्रघात पडला. घर काळ्या मनुष्यास विकू नये वा वापरावयास देऊ नये, अशी अट खतातच घालण्यात येऊ लागली.

तथापि खरी मेख कर्जात होती. पूर्वी घराच्या कर्जासाठी बहुधा निम्मी किंमत आधी भरावी लागे व बाकी पाच-दहा वर्षांत फेडावी लागे. १९३४ साली स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याने अशा कर्जांचा विमा उतरविण्यास आरंभ केला. ऋणको बुडाला तरी सावकाराचे नुकसान होणार नाही, अशी खात्री पटताच वीस वर्षे मुदतीची कर्जे मिळू लागली आणि साध्या पगारदारासही स्वतःचे घर आटोक्यात आले. परंतु याच खात्याच्या नियमपुस्तिकेत भिन्न वंशांची शेजारवस्ती हा धोका मानला होता, आणि खतातील त्या अटींची चक्क शिफारस होती! द्वेष शेजाऱ्याच्या मनात असतो तोवर तो त्याच्या कुंपणापुरता असतो. येथे तो सरकारी हिशेबाचा भाग झाला.

डेट्रॉइट येथे काळ्यांच्या वस्तीस लागून गोऱ्यांसाठी घरे बांधू पाहणाऱ्या एका व्यापाऱ्यास ही हमी मिळेना. त्याने १९४१ साली मध्ये सहा फूट उंच व सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि हमी मिळाली. ती भिंत आजही तेथे आहे.

न्यूयॉर्कजवळील लॉंग आयलंडवर १९४७ पासून लेव्हिटटाउन उभे राहिले. तेथे सतरा हजारांवर घरे झाली. आरंभीच्या भाडेपट्ट्यांत गोऱ्या वंशाबाहेरील कोणास राहू देऊ नये, असे कलम होते. घरकामाचे नोकर तेवढे वगळले होते. चुलीपाशी काळे हात चालत होते, शेजारी मात्र नको होते.

न्यायालये अशा अटी अमलात आणू शकत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली निर्णय दिला. तरी त्या अटींच्या नव्या घरांस विमा नाकारण्यास त्या खात्याने १९५० साल उजाडू दिले. पुढे १९५७ साली पेन्सिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे काळे कुटुंब घर घेऊन आले, तेव्हा जमावाने त्यांच्या घरावर दगड फेकले व राज्याचे पोलीस बोलवावे लागले. काही गोरे शेजारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले, हेही सांगितले पाहिजे.

घराच्या विक्रीत व भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा १९६८ साली झाला. तोपर्यंत, १९४९ साली ७,९९० डॉलरला मिळालेल्या लेव्हिटटाउनमधील घराची किंमत पुष्कळ चढली होती. अशा वाढत्या किमतीच्या आधारावर कित्येक गोऱ्या कुटुंबांनी मुलांची शिक्षणे केली व पुढील पिढीस मालमत्ता ठेवली. त्याच वर्षांत तितकेच कमावणाऱ्या अनेक काळ्या कुटुंबांपाशी भाड्याच्या पावत्या तेवढ्या जमल्या होत्या.