बेरीज लॉगॅरिथमची, गुणाकार संख्यांचा

लॉगॅरिथम हे नाव ऐकले की मुले बिचकतात. नियम घोकतात, आणि परीक्षेत नेमकी तिथेच चुकतात. वास्तविक गोष्ट साधी आहे.

शंभर करायला किती दहा एकमेकांशी गुणावे लागतात? दोन. म्हणून १०० चा लॉगॅरिथम २. हजाराला तीन दहा लागतात, म्हणून त्याचा ३. आता १०० ला १,००० ने गुणा. दोन दहा आणि तीन दहा मिळून पाच झाले. उत्तर एक लाख. गुणिले संख्यांना, बेरीज झाली लॉगॅरिथमची! भागाकारात वजाबाकी, वर्गाला दुप्पट, वर्गमुळाला निम्मे, हे मग ओघानेच आले.

मधल्या संख्यांनाही हाच नियम. २ चा लॉगॅरिथम ०.३०१०, ३ चा ०.४७७१. बेरीज ०.७७८१, कोष्टकात पाहा, तो जवळजवळ ६ चाच आहे. स्कॉटलंडच्या जॉन नेपिअरने १६१४ साली लॉगॅरिथमची पहिली कोष्टके छापली, तेव्हा ग्रहगणित करणाऱ्यांचे केवढे तरी कष्ट वाचले.

मुलांची नेहमीची चूक अशी : १०० अधिक १०० यांचा लॉगॅरिथम २ अधिक २, म्हणजे ४. पण ४ हा तर दहा हजारांचा! २०० चा आहे २.३०१०. गुरुजींनी रागावण्यापेक्षा फळ्यावर दहा-दहा मांडून दाखवावेत.

आज गुणाकार यंत्रे करतात, म्हणून नियम शिळा झाला असे नाही. भूकंपाची तीव्रता ५ ऐवजी ६ सांगितली, तर ‘एकानेच वाढली’ म्हणू नका. भूकंपमापकावरची थरथर दहापट वाढलेली असते. कोयनेचा १९६७ चा भूकंप सहाच्या वरचा होता, हे ध्यानात घ्या.