पश्चिमेच्या थोडं उत्तरेला

नागपूरचा अक्षांश सुमारे २१.१ अंश उत्तर, मक्केचा २१.४. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर दोन्ही शहरं जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर येतात. मग नागपुरात नमाजाला उभं राहणाऱ्याचा किब्ला, म्हणजे काब्याची दिशा, कोणती? थेट पश्चिम, असंच कुणीही सांगेल. अचूक गणित केलं तर मात्र उत्तर निघतं पश्चिमेच्या जवळजवळ ८ अंश उत्तरेला. मुंबईहून हाच कल १० अंशांचा होतो, पुण्याहून ११.

खात्री करायची तर शाळेतला पृथ्वीगोल घ्यावा आणि नागपूर ते मक्का एक दोरा ताणून धरावा. दोरा अक्षवृत्ताला चिकटून राहत नाही. तो उत्तरेकडे फुगतो आणि मध्यावर अक्षवृत्तापासून शंभराहून अधिक किलोमीटर वर जातो. विषुववृत्त सोडलं तर कुठलंही अक्षवृत्त हा दोन गावांमधला सर्वांत जवळचा रस्ता नसतो; गोलाला बरोबर मधोमध कापणाऱ्या वर्तुळाचा तुकडा हाच खरा सरळ रस्ता. न्यूयॉर्कमध्ये तर हा फरक थक्क करतो. मक्का त्या शहराच्या कितीतरी दक्षिणेला आहे, पण तिथला किब्ला ईशान्येकडे, उत्तरेपासून ५८ अंशांवर येतो. वॉशिंग्टनच्या इस्लामिक सेंटरचं उद्घाटन १९५७ साली राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांच्या उपस्थितीत झालं. त्या मशिदीचं तोंडही ईशान्येलाच आहे.

मदिनेत हिजरी सन २ मध्ये, म्हणजे इ. स. ६२४ मध्ये, किब्ला जेरुसलेमकडून मक्केकडे वळला. तेव्हापासून दिवसातून पाच वेळा आणि दफनाच्या वेळीही ही दिशा लागते. मदिनेत राहणाऱ्यांना अडचण नव्हती, मक्का दक्षिणेला आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण शंभर वर्षांच्या आत इस्लाम स्पेनपासून सिंधपर्यंत पोहोचला आणि दर गावात नवा प्रश्न उभा राहिला. लोकांनी आधी आकाशाचा आधार घेतला. काब्याची इमारत किंचित लांबट आहे आणि तिचा लांब अक्ष सुहैल ताऱ्याच्या, आपल्या अगस्त्याच्या, उगवतीकडे रोखलेला आहे. तिचे कोपरेही त्या त्या दिशेच्या प्रदेशांच्या नावांनी ओळखले जात: यमनी, शामी, इराकी. अमुक प्रांतातल्या लोकांनी काब्याच्या अमुक बाजूसमोर उभं आहोत असं मानावं आणि त्यासाठी अमुक तारा उगवतो किंवा मावळतो तिकडे तोंड करावं, अशी ही पद्धत होती. गणित न येणाऱ्या शेतकऱ्यालाही ती जमे.

धर्मशास्त्रानं लांबच्या लोकांवर अचूकतेची सक्ती केली नव्हती, हे इथे लक्षात घ्यायला हवं. काबा डोळ्यांसमोर असेल त्यानं थेट त्याच्याकडे पाहावं. दूर असेल त्याला त्या बाजूला तोंड करणं पुरे. हनफी पंथात तर दोन्हीकडे ४५ अंशांपर्यंतची सूट मान्य आहे. वाळवंटात ढगाळ रात्री दिशा कळेनाशी झाली, तर प्रामाणिकपणे अंदाज करून पढलेली नमाज ग्राह्य धरली जाते. इतकी मोकळीक असूनही कित्येक माणसांनी अंशाच्या साठाव्या भागापर्यंत हिशोब करण्यात आयुष्यं घालवली. या विषयातलं मला सर्वांत भारून टाकणारं हेच आहे.

त्यांचं काम नवव्या शतकात बगदादला जोरात सुरू झालं. प्रश्न गोलावरच्या त्रिकोणाचा होता: एक टोक तुम्ही, दुसरं मक्का, तिसरं उत्तर ध्रुव. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांशांमधला फरक कळला की तुमच्या पायाशी होणारा कोन काढता येतो. अक्षांश सोपा, आकाशातल्या ध्रुवबिंदूची उंची मोजली की झालं. रेखांश मात्र छळतो, कारण तो खरं तर वेळेतला फरक आहे आणि तेव्हा दूरच्या शहरातली वेळ कळायला काही मार्गच नव्हता.

मार्ग सापडला चंद्रग्रहणात. ग्रहण जिथे जिथे दिसतं तिथे सगळीकडे एकाच क्षणी दिसतं, घड्याळं तेवढी वेगळी असतात. २४ मे ९९७ च्या ग्रहणाला तरुण अल्-बिरुनी आजच्या उझबेकिस्तानातल्या काथ गावी आकाशाकडे डोळे लावून होता आणि आधी ठरल्याप्रमाणे गणिती अबुल-वफा बगदादला. दोघांच्या स्थानिक वेळांत सुमारे एक तासाचा फरक निघाला आणि त्यातून दोन शहरांमधलं अंतर अंशांत हाती आलं. वाळवंटं मध्ये असताना दोन माणसांनी एकाच सावलीची वेळ टिपायची आणि नंतर निरोप धाडून ताळा जमवायचा, हे चित्र माझ्या मनातून जात नाही.

आपण अल्-बिरुनीला भारतावरच्या ग्रंथासाठी ओळखतो. पण १०२५ मध्ये त्यानं गझनीत एक आख्खा ग्रंथ पुरा केला तो शहरांच्या जागा निश्चित करण्यासाठी, आणि त्याचं एक मोठं उद्दिष्ट गझनीचा किब्ला काढणं हे होतं. शहरामागून शहर घेत, प्रत्येकाचे अक्षांश-रेखांश तपासत तो गणित पुढे नेतो. आजच्या पाकिस्तानातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर चढून, क्षितिज किती खाली झुकलेलं दिसतं ते मोजून, त्यानं पृथ्वीची त्रिज्याही काढली होती.

त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी दमास्कसच्या उमय्यद मशिदीत वेळ राखणारा अल्-खलीली होता. नमाजाच्या वेळा आकाश पाहून ठरवणं हे त्याचं नेमलेलं काम. त्यानं गावोगावच्या लोकांसाठी तयार कोष्टकच मांडलं: १० ते ५६ अक्षांश, मक्केपासून ६० अंशांपर्यंत रेखांशाचा फरक, आणि प्रत्येक जोडीसमोर किब्ल्याचा कोन. जवळजवळ ३००० आकडे, तेही हातानं सोडवलेले. त्याआधीच, १२९० च्या सुमारास, यमनचा सुलतान अल्-अश्रफ यानं किब्ल्यासाठी होकायंत्र कसं वापरावं ते लिहून ठेवलं होतं.

गवंड्यांनाही या कोनाचा मान राखावा लागला. इस्फहानमध्ये शाह अब्बासच्या भव्य चौकाच्या एका टोकाला शाही मशिदीचा दरवाजा आहे. तो चौकाशी काटकोनात आहे, पण आत गेल्यावर सगळी इमारत सुमारे ४५ अंशांनी वळते, कारण चौक किब्ल्याला धरून आखलेला नव्हता. कैरोत ममलुक काळातल्या कितीतरी इमारतींच्या दर्शनी भिंती रस्त्याला समांतर आणि आतली दालनं किब्ल्याकडे वळलेली. मधली तिरकी जागा जाड भिंतींनी भरून काढलेली. रस्त्याची शोभा आणि दिशा, दोन्ही त्यांना हव्या होत्या.

दिशा दुरुस्त करणं नेहमी सुखाचं झालं नाही. इंडोनेशियात किब्ला पश्चिम असंच समजलं जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला योग्याकर्ताचे अहमद दहलान यांनी तो वायव्येकडे असल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांचं छोटं प्रार्थनागृह पाडण्यात आलं. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं २०१० मध्येही आधी पश्चिम असा फतवा दिला आणि त्याच वर्षी तो बदलून वायव्य केला. जकार्ताहून दिशा पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आहे. २००७ मध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर शुकोर अवकाश स्थानकावर गेले तेव्हा मलेशियानं त्यांच्यासाठी दिशेचा क्रमच लावून दिला: जमलं तर काबा, नाही तर काब्याच्या वरची जागा, तेही नाही तर पृथ्वी, आणि काहीच शक्य नसेल तर कुठेही.

पण कोष्टक, होकायंत्र आणि फोन या सगळ्यांपेक्षा साधी युक्ती सूर्याकडे आहे. महाराष्ट्रात आपण शून्य सावलीचा दिवस पाहतो; मक्केलाही तो वर्षातून दोनदा येतो. साधारण २७-२८ मे रोजी आणि १५-१६ जुलै रोजी सूर्य काब्याच्या थेट माथ्यावर असतो. त्या क्षणी भारतीय घड्याळात मे महिन्यात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटं आणि जुलैत २ वाजून ५७ मिनिटं झालेली असतात. तेव्हा जिथून जिथून सूर्य दिसतो तिथून त्याची दिशा हीच काब्याची दिशा. तेराव्या शतकात खगोलज्ञ नसिरुद्दीन तुसीनं ही रीत सांगून ठेवली आहे. जमिनीत सरळ काठी रोवायची आणि सावलीच्या टोकापासून काठीकडे रेषा ओढायची, ती मक्केला जाते. एक अंशाची चूक मुंबईहून पाहणाऱ्याला मक्केपासून पन्नासहून अधिक किलोमीटर बाजूला नेते, म्हणून काठी ओळंब्यानं तपासलेली बरी. जुलैतला मुहूर्त आपल्याकडे बहुधा पावसात जातो; मे महिना साधावा.

ज्यांना त्या वेळी सूर्य दिसत नाही, त्यांचीही सोय आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीच्या मध्यावर सूर्य मक्केच्या बरोबर उलट्या बिंदूवर, दक्षिण पॅसिफिकमधल्या तेमातांगी बेटाजवळच्या समुद्रावर, माथ्याशी येतो. त्या क्षणी सॅन फ्रान्सिस्कोत दुपार असते आणि सिडनीत सकाळ. तिथे सूर्याकडे पाठ करून सावलीच्या रोखानं उभं राहायचं.