बीळ एकाचे, बिऱ्हाडे अनेकांची

बिळात जो प्राणी सापडतो, त्यानेच ते बीळ केले असावे आणि नुकसानही तोच करत असावा, असा समज सर्रास आढळतो. तो किती फसवा ठरू शकतो, हे अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील एका इवल्याशा खेकड्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सराईवाला कृमी

कॅलिफोर्नियातील एल्कहॉर्न स्लू या खाडीत ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात युरेकिस कॉपो हा जाड, गुलाबी कृमी इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे बीळ करून राहतो. फिशर व मॅकगिनिटी या शास्त्रज्ञांनी १९२८ मध्ये या जातीचे वर्णन केले. ‘कॉपो’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘सराई चालवणारा’ असा आहे. हा कृमी बिळात श्लेष्माची अत्यंत बारीक जाळी तयार करतो आणि शरीराच्या लयबद्ध आकुंचनाने बिळातून पाणी खेळवतो. पाण्यातील सूक्ष्म अन्नकण जाळीत अडकले, की तो जाळीसकट ते गिळतो; मोठे कण मात्र टाकून देतो.

या टाकलेल्या अन्नावर इतरांचा निर्वाह होतो. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचा, स्क्लेरोप्लॅक्स ग्रॅन्युलाटा नावाचा वाटाणा खेकडा, एक खवलेधारी कृमी आणि छोटा गोबी मासा हे तेथील नेहमीचे पाहुणे आहेत. यजमान पाणी खेळवत असल्याने त्यांना प्राणवायू व अन्न दोन्ही मिळते. चिखलामुळे ऊन आणि पक्षी यांपासून संरक्षणही लाभते. शेजारच्या चिखलात राहणारा एक शिंपला तर आपल्या आखूड नळ्या थेट बिळातच उघडतो; त्यामुळे तो एरवी शक्य नसलेल्या खोलीवर जगू शकतो. एकाला लाभ आणि दुसऱ्याला लक्षणीय हानी नाही, अशा संबंधास ‘सहभोजिता’ म्हणतात. मात्र यजमान नाहीसा झाला, की पाण्याचा प्रवाह थांबतो आणि सराई बंद पडते.

नुकसान खरे, उपाय घातक

हाच वाटाणा खेकडा बिळे करणाऱ्या कोळंबीसदृश प्राण्यांच्या बिळांतही आढळतो. या प्राण्यांमुळे वॉशिंग्टन राज्यातील विलापा उपसागरात वेगळाच प्रश्न उभा राहिला. त्यांच्या सततच्या उकरण्याने चिखल भुसभुशीत होतो आणि त्यावर वाढवलेली कालवे रुतून गुदमरतात. कालव उत्पादकांचे हे नुकसान खरेच होते. त्यावर उपाय म्हणून १९६३ पासून तेथील चिखलाट पट्ट्यांवर कार्बारिल या कीटकनाशकाची फवारणी होऊ लागली.

कार्बारिल मज्जासंस्थेतील ज्या विकराचे कार्य रोखते, ते विकर कीटकांप्रमाणेच खेकडे व कोळंबी यांच्यातही असते. त्यामुळे या औषधाला बीळ करणारा आणि बिळात आश्रय घेणारा यांतील फरक कळणे शक्यच नव्हते. फवारलेल्या क्षेत्रात व्यापारी महत्त्वाच्या डंजनेस खेकड्यांची पिल्लेही मरत. एका उत्पादनाचे रक्षण करताना दुसऱ्याची हानी होत असल्याने हा वापर दीर्घकाळ वादग्रस्त राहिला आणि अखेर टप्प्याटप्प्याने बंद झाला. पर्याय म्हणून सुचवलेल्या इमिडाक्लोप्रिडच्या वापरास राज्याच्या पर्यावरण विभागाने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. त्याच वर्षी भारतातही कार्बारिलवर बंदी आली.

शेतासाठी बोध

कोकणातील भातखाचरांचे खेकडे याहून वेगळे आहेत. ते स्वतः बिळे करतात, बांध पोखरतात व रोपे कुरतडतात. म्हणून त्यांचे नियंत्रण आवश्यक ठरते. तरीही रिकाम्या बिळांत बेडकांसारखे उपयुक्त प्राणी आश्रयाला आलेले असू शकतात. यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी औषधाची शिफारस करण्यापूर्वी तीन बाबी प्रत्यक्ष तपासाव्यात: बीळ कोणी केले आहे, सध्या त्यात कोण राहते आणि पिकाचे किंवा बांधाचे नुकसान नेमके कोणामुळे होते. नुकसान आर्थिक पातळीच्या खाली असल्यास रासायनिक उपाय टाळावा. ते अधिक असल्यास खेकडे पकडणे, बिळे बुजवणे व बांध लिंपणे यांना प्राधान्य द्यावे. पाण्यात मिसळलेले औषध खाचराच्या बांधापाशी थांबत नाही. ओढ्यावाटे ते खाडीतील खेकडे व कोळंबीपर्यंत पोहोचू शकते.