राउटर बदलायचा की त्याची जागा?

‘पाऊस लागला की वायफाय मरतं, नवा राउटर घ्यायला हवा.’ जून उजाडला की कर्जत, खोपोलीत हे हमखास ऐकू येतं. घरातल्या घरात फिरणाऱ्या वायफायला बाहेरच्या पावसाचं काही देणंघेणं नसतं. मरते ती लाइन. खांबांवरून आलेली फायबर फांदी पडली की तुटते. फायबर जिथे येते त्या डब्यावर ‘एलओएस’चा दिवा लाल दिसला, तर प्रकाशच पोचत नाहीये, दहा हजारांचा राउटर आणलात तरी तो लालच राहील. आणि निव्वळ घरातली वीज जात असेल, तर राउटरपेक्षा छोटा डीसी यूपीएस घ्या. अॅडॉप्टरवर १२ व्होल्ट आहेत की ९, ते आधी वाचा.

‘प्लॅन ३००चा, मोबाइलवर जेमतेम ४०. म्हणजे राउटर बाद.’ थांबा. डब्याला लॅन केबलने लॅपटॉप जोडा आणि स्पीड मोजा. ३००च्या आसपास आला तर लाइन ठीक, दुखणं वायफायचं. काटा ९०-९५वर अडकला तर केबल बदलून पाहा. तरीही हलला नाही तर डब्याचा पोर्ट बहुधा १००चा आहे. असा डबा मात्र ऑपरेटरकडून खरोखर बदलून घ्यावा. (३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ३७.५ एमबी, डाउनलोडचा आकडा बघून ऑपरेटरशी भांडू नका.)

जास्त अँटेना म्हणजे जास्त पल्ला, हा जाहिरातींचा लाडका समज. राउटरने किती जोराने बोलावं याला सरकारी मर्यादा आहे, आणि मोबाइलचं क्षीण उत्तरही त्याच्यापर्यंत पोचावं लागतं. स्लॅबमधल्या सळया, पत्रा, पाण्याची टाकी हे खरे अडसर. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतीत लवकर दमतो, २.४ लांब जातो, पण सावकाश. टीव्हीमागे दडवलेला राउटर उघड्यावर, घराच्या मध्यावर आणा. हे फुकट आहे. नेरळ-चौककडच्या दुमजली बंगल्यांत वर लॅन केबल नेऊन दुसरा अॅक्सेस पॉइंट लावणं मला सर्वांत पटतं. बिनतारी मेशलाही तोच स्लॅब भेदावा लागतो.

वायफाय ६ घेतल्याने जुना मोबाइल वायफाय ६चा होत नाही. फायदा दिसतो तो एकाच वेळी बरीच नवी उपकरणं चालू असलेल्या घरात. उलट, फक्त २.४वर चालणारा किंवा कंपनीने सुरक्षा अपडेट देणं थांबवलेला राउटर धडधाकट दिसला तरी काढावा.

नवा राउटर घेतलात, तरी ऑपरेटरचा डबा परत करायची गरज नाही. त्याच्या लॅन पोर्टला आपला राउटर जोडा आणि डब्याचं वायफाय बंद करा.